बॉनेटखालची सफाई: पाण्याचा फवारा न मारता, घरच्या घरी

पावसाळ्यात बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या कणकुंबी-चोर्ल्याच्या रस्त्याने ये-जा केलेली गाडी बाहेरून धुतली की नव्यासारखी दिसते, पण बॉनेट उचललं की तांबडी माती जिथल्या तिथे असते. बॅटरीखालच्या ट्रेमध्ये तिचा थर, वायरिंगच्या नळीच्या वळ्यांत तिचे कण, रेडिएटरच्या जाळीत तिचा लेप. निपाणी-चिक्कोडी भागात हाच चिखल काळा आणि जास्त चिकट. अथणीकडे चिखल कमी, फुफाटा जास्त. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना उडणारं पाचट आणि कारखान्याजवळचा भुसा समोरच्या जाळीतून आत शिरतो, तो वेगळाच.

ही घाण झाकलेली असते, म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते. ओल धरून ठेवणारी माती क्लिपा, ब्रॅकेट आणि बॅटरीचा ट्रे गंजवते. तेलकट थराखाली ऑईल कुठून झिरपतंय ते कळत नाही. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा एक्झॉस्टचा भाग चालत्या गाडीत इतका तापतो की त्यावर साठलेली वाळकी पानं किंवा उंदरानं आणलेल्या चिंध्या पेट घेऊ शकतात. वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि गळीत हंगाम संपल्यावर, अर्धी सकाळ या कामाला दिली तर पुरते.

काम कसं करायचं हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. इंजिन धुवायचं नाही, पुसून काढायचं. होज पाईप आणि प्रेशर वॉशर दोन्ही बाजूला ठेवा.

फवारा का नको

पावसात भिजलेल्या रस्त्यावर गाडी चालते तेव्हा खालून थोडंफार पाणी इंजिनावर उडतंच, आणि ते सोसण्याची सोय गाडीत केलेली असते. पण घरगुती प्रेशर वॉशरचा दाब सहज शंभर बारच्या वर जातो. हातभर अंतरावरून तो झोत वायरिंगच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडावर, बसला की आतल्या रबरी सीलच्या कडेनं पाणी घुसतं. ते लगेच वाळत नाही. पितळी पिना हळूहळू हिरव्या पडतात आणि दोन-तीन महिन्यांनी डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. तोपर्यंत त्या धुण्याशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

हवा आत खेचणाऱ्या तोंडातून जास्त पाणी सिलिंडरपर्यंत गेलं तर नुकसान आणखी मोठं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर एकदम गार पाणी पडलं तर ओतीव धातूला तडा जाण्याची भीती असते. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी सवय रॉकेल किंवा डिझेल मारून इंजिन चमकवण्याची. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरपासून ती चालत आली आहे आणि आजही काही ठिकाणी चालते. ती सोडा. डिझेलचा थर सुकत नाही, दुसऱ्या दिवसापासून धूळ ओढायला लागतो, रबराचे होज आणि बेल्ट फुगवून मऊ करतो. पेट्रोलचं तर नावच नको: त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि बॅटरीच्या एका ठिणगीनं भडकते.

तयारी

जागा सावलीची, सपाट आणि विहिरीपासून दूरची असू द्या. परड्यात काम करणार असाल तर गाडीखाली जुनी पोती आणि त्यावर पुठ्ठा अंथरा, म्हणजे तेलकट थेंब मातीत मुरणार नाहीत. इंजिन पूर्ण गार हवं. आदल्या रात्री गाडी लावली आणि सकाळी काम सुरू केलं, हे सगळ्यात चांगलं. दिवसा करायचं असेल तर गाडी बंद करून तीन-चार तास जाऊ द्या.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे ते महत्त्वाचं आहे. बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं. ते वाळलं की काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग राहतात आणि मग ते निघता निघत नाहीत. बेळगाव शहरात राकसकोप धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ते वापरा, गावात पावसाचं साठवलेलं गाळून घेतलं तरी चालेल. एका बादलीच्या वर पाणी लागणार नाही, तेवढं मिळतंच.

बाकी सामान साधं आहे. दोन इंची पेंटचा ब्रश, जुना टूथब्रश, हातानं दाबायची फवारा बाटली, सुती चिंध्या, दोन-तीन मायक्रोफायबर फडकी, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, दहा नंबरचा पाना आणि टॉर्च. ओशटपणा काढायला पाण्यात मिसळणारं डीग्रीझर घ्या. किती पातळ करायचं ते बाटलीवर दिलेलं असतं. हलक्या घाणीला एकास दहा हे प्रमाण सहसा पुरतं. डीग्रीझर नसेल तर गाडीचा शाम्पू कोमट पाण्यात मिसळला तरी तीन चतुर्थांश काम होतं. कॉस्टिक सोडा किंवा संडास साफ करायचं ॲसिड इंजिनावर कधीच वापरू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि आजच्या इंजिनात ॲल्युमिनियमचे भाग भरपूर असतात.

पेंटच्या ब्रशच्या लोखंडी पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. ती पट्टी चुकून बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये आडवी आली तर शॉर्ट होतो.

हात घालण्याआधी

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. गळ्यात साखळी किंवा मंगळसूत्र असेल तर ते आत खोचा, ओढणीचा पदर बांधून घ्या. किल्ली काढून खिशात टाका. बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर तिची किल्ली घरात दूर ठेवून या. हे सांगण्याचं कारण असं की बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असतानाही तापमानानुसार आपोआप फिरू शकतो. बोटं त्याच्या पात्यांत जाता कामा नयेत.

बॅटरीचं टर्मिनल सोडवायचं का? जुन्या, साध्या गाडीत काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवून बाजूला कापडात गुंडाळून ठेवणं चांगलं. नव्या गाडीत त्याच वायरवर सेन्सर असू शकतो, शिवाय वायर सोडली की घड्याळ, रेडिओ, काचांचं सेटिंग पुन्हा करावं लागतं. म्हणून गाडीसोबत मिळालेलं पुस्तक आधी उघडा. कोणती टाकी कशाची, फ्यूज बॉक्स कुठे, एअर फिल्टरचं तोंड कुठे, हे सगळं त्यात चित्रासह असतं. बहुतेक घरांत ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात कोरं करकरीत पडून असतं. पहिल्यांदा काम करताना ते शेजारी उघडून ठेवा.

मग सगळी झाकणं हातानं तपासा: ऑईलचं, कूलंटचं, ब्रेक ऑईलचं, विंडशिल्डच्या पाण्याचं. डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, पूर्ण आत बसली आहे ना ते बघा. ब्रेक ऑईल हवेतलीही ओल शोषून घेतं, त्यामुळे त्यात पाणी जाणं धोक्याचं, आणि ते बाहेर सांडलं तर रंग उतरवतं. कूलंटचं झाकण गरम इंजिनावर कधीही उघडायचं नसतं, आणि आज तर ते उघडायचंच कारण नाही. सांडलेलं कूलंट दिसलं तर लगेच पुसा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, त्यामुळे परड्यातली कुत्री-मांजरं आणि लहान मुलं तिकडे जाऊ देऊ नका.

आता झाकाझाकी. ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन कॉईल (स्पार्क प्लगला वीज देणारी) आणि एअर फिल्टरचं तोंड, एवढ्यांवर प्लास्टिक हवंच. दुधाच्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या पिशव्या आणि रबरबँड यांनी छान भागतं. किती पिशव्या बांधल्या तो आकडा कागदावर लिहा आणि कागद स्टीअरिंगला चिकटवा. फॅनबेल्टजवळ एखादी विसरली आणि तशीच गाडी सुरू केली तर ती बेल्टमध्ये गुंडाळते.

कोरडं काम आधी

ओला हात लावण्याआधी जेवढं कोरडं निघतं तेवढं काढायचं. अर्धी सफाई इथेच होते. मोठी पानं, पाचट, चिंध्या हातानं उचला. विंडशिल्डच्या खाली, वायपरच्या बुडाशी जी जाळी असते तिच्याकडे विशेष लक्ष द्या. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या या जाळीत पानांचा कुजलेला थर बसतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी ब्लोअरमार्गे गाडीच्या आत पायाशी उतरतं. कार्पेट का ओलं, म्हणून लोक दरवाजाचे रबर बदलत बसतात. जाळीखालच्या दोन्ही कोपऱ्यांतली भोकं बोटानं मोकळी करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली गळतं का बघा. पाणी ओतायला परवानगी असलेली ही एकच जागा.

मग पेंटच्या ब्रशनं वरून खाली धूळ झाडा. तांबडी माती सुकी असतानाच निघते. ओली झाली की ती राड होऊन फटीत जाते, म्हणून ब्रशनं झाडत असताना दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरता आली तर फार बरं.

उंदराची घाण दिसली तर कोरडं झाडायचं नाही, हा एकच अपवाद. लेंड्या, कुरतडलेलं इन्सुलेशन, भाताचं पिंजर, शेंगांची फोलपटं दिसली तर मास्क आणि हातमोजे घाला. एक भाग ब्लीचिंगचं द्रव आणि नऊ भाग पाणी मिसळून त्या जागेवर हलकं शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग जुन्या कागदानं उचलून पिशवीत बांधा. धातूवरचं ब्लीच साध्या ओल्या फडक्यानं लगेच पुसून घ्या, नाहीतर गंज येतो. ब्लीच कोणत्याही ॲसिडजवळ नेऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि हातावरची बारीक जखमही त्याला पुरते. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना या कामाबद्दल सांगा.

वायर कुरतडलेली असेल तर टेप लावून वेळ मारून नेऊ नका, ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि आपल्या भागातला तो उपाय, बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवण्याचा: मी तो करायला सांगणार नाही. वाळकं पान गरम एक्झॉस्टजवळ सरकलं तर ते सरपणच आहे. डांबरगोळ्यांचा वास एसीतून आत माणसांच्या नाकात जातो. उंदरांसाठी खात्रीचं एवढंच: गाडी पिंजराच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी लावू नका, आत खाण्याचं काही ठेवू नका आणि गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवू नका.

ओलं काम

इंजिनावर थेट फवारणं टाळा. डीग्रीझर ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या. फक्त लोखंडी पत्र्यावर, बॉनेटच्या आतल्या कडांवर आणि खालच्या जाड तेलकट भागावर दोन-तीन फवारे चालतील. एका वेळी हातभर जागा घ्या: लावा, तीन ते पाच मिनिटं थांबा, ब्रशनं घासा, ओल्या फडक्यानं पुसा, मग दुसऱ्या स्वच्छ पाण्याच्या फडक्यानं पुन्हा पुसा. डीग्रीझर वाळू द्यायचं नाही, वाळलं तर डाग पडतात. वरून सुरुवात करा, नाहीतर साफ केलेल्या भागावर पुन्हा ओघळ येतात.

तेलाचा जाड चिकटा जिथे आहे तिथे आधी कोरड्या चिंधीनं किंवा लाकडी पट्टीनं खरवडून काढा. डीग्रीझर महाग असतं आणि हाताला चांगलं नसतं, खरवडण्यानं ते निम्मं वाचतं. हा चिकटा कुठून सुरू होतोय याची खूण लक्षात ठेवा. व्हॉल्व कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेला असेल तर पॅकिंग गेलं असण्याची शक्यता, ऑईल फिल्टरभोवती असेल तर तो नीट कसला नसेल. साफ करण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर नंतर मेकॅनिकला दाखवता येतो.

कपलर आणि सेन्सर यांना डीग्रीझर लावायचं नाही. पिळून घेतलेल्या ओलसर फडक्यानं पुसणं बस. प्लास्टिकच्या कव्हरांसाठी शाम्पूचं पाणी पुरतं. बॉनेटच्या खालचं कापडी अस्तर भिजवू नका, ते कित्येक दिवस वाळत नाही. त्यावरची धूळ फक्त व्हॅक्यूमनं ओढा.

डिझेल गाडीत इंजेक्टरकडे जाणारे बारीक लोखंडी पाईप दिसतात. चालू इंजिनात त्यांच्यात हजार बारच्याही वर दाब असतो. तिथे ओल दिसली तर गळती बोटानं चाचपायची नाही, तो झोत कातडीतून आत शिरतो. गाडी बंद ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमली असेल तर आधी काळी वायर सोडा, मग लाल. एक पेला कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला आणि टूथब्रशनं लावा. फेस येईल, तो शांत झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. झाकणांच्या भोकांतून सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका, बॅटरीतलं ॲसिड मारलं जातं. जोडताना उलटा क्रम: आधी लाल, शेवटी काळी. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट, उदबत्ती काही नको.

रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर इथे गळीत हंगामाची खरी वसुली होते. भुसा आणि किडे त्यांच्या पंखांच्या, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांच्या, फटीत बसतात, हवा अडते, एसी गार पडत नाही, घाटात इंजिन तापतं. पण ते पंख कागदासारखे मऊ असतात. मऊ ब्रश पंखांच्याच दिशेनं, वरून खाली फिरवा, आडवा कधीच नको. टायरवाल्याकडे हवा मारून घेणार असाल तर दाब कमी ठेवायला आणि इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायला सांगा.

ज्यांच्या गाड्या वेगळ्या आहेत

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे डीग्रीझरचा वास थेट गाडीत भरतो. सगळे दरवाजे उघडे ठेवा आणि काम पुसण्यापुरतंच ठेवा. सीएनजी गाडीत गॅस भरायचा व्हॉल्व पुष्कळदा बॉनेटखालीच असतो. त्याचं टोपण बसवलेलं असू द्या आणि रेग्युलेटर, पाईप, नट यांना पाना लावू नका. गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवा, कुठलंही बटण दाबू नका आणि गाडीपासून दूर व्हा. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीत केशरी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की त्या भागापासून हात लांब ठेवा. त्यातला विजेचा दाब जीव घेण्याइतका असतो. अशा गाडीची फक्त वरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा.

वाळवणं आणि सुरू करणं

कोरड्या फडक्यानं टिपून झालं की बॉनेट उघडं ठेवून गाडी दोन तास उन्हात राहू द्या. ढगाळ दिवस असेल तर घरातला केस वाळवायचा ड्रायर गार हवेवर चालतो. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या खोलगट जागेत टॉर्च मारून बघा. तिथे साठलेलं पाणी हे गाडी धडधडण्याचं नेहमीचं कारण असतं. आता स्टीअरिंगवरचा कागद घ्या, मोजून तेवढ्या पिशव्या काढा. पाना, ब्रश, चिंध्या सगळं बाहेर आलं का ते पाहा.

सोडलेली बॅटरी जोडा, गाडी सुरू करा आणि रेस न देता दहा मिनिटं चालू द्या. गाडी मोकळ्या हवेतच असू द्या, बंद शेडमध्ये सायलेन्सरचा धूर जीवघेणा ठरतो. थोडी वाफ आणि डीग्रीझरचा वास येणं ठीक. पण इंजिन थरथरलं, चेक इंजिनचा दिवा लागला किंवा जळका वास आला तर बंद करा, आणखी दोन तास वाळू द्या. तरीही तसंच राहिलं तर इलेक्ट्रिशियनकडे न्या, पुन्हा पुन्हा सेल मारत बसू नका.

रबराच्या होजना चमक आणायची असेल तर पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग फडक्यावर घेऊन हलका हात द्या. बेल्टवर ते लागू देऊ नका, बेल्ट घसरतो. तेलाच्या चिंध्या बंबात जाळू नका, त्यांचा धूर घरात येतो. झाकणाच्या डब्यात भरून घंटागाडीला द्या. बादलीतलं तेलकट पाणीही गटारात किंवा विहिरीच्या बाजूला नको. ते पोत्यावर, भुश्यावर ओतून शोषून घ्या आणि मग कचऱ्यात टाका.

खंडेनवमीला गाडी पुजायची म्हणून हे काम त्याच सकाळी काढू नका. आठ दिवस आधी करा, म्हणजे काही झिरपत असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो. पूजेची फुलं, अक्षता आणि नारळाचं पाणी बॉनेटच्या बाहेरच राहू द्या, आत एक्झॉस्टजवळ अडकलेला झेंडू दोन दिवसांत वाळून कोळसा होतो.

काम झाल्यावर गाडीखाली दुसरा कोरडा पुठ्ठा अंथरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, तो पाहा. तपकिरी किंवा काळा डाग असेल तर इंजिन ऑईल, हिरवा, लाल किंवा गुलाबी असेल तर बहुधा कूलंट, पिवळसर आणि चाकाजवळ असेल तर ब्रेक ऑईलची शंका. शेवटचा डाग दिसला तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.